जुनी इनोव्हा की जुनी अर्टिगा?

जुन्या गाड्यांच्या बाजारात प्रत्येक गाडी डॉक्टरची असते. डॉक्टरची नसेल तर बँक मॅनेजरची, तीही नसेल तर निवृत्त मास्तरांची. ‘सिंगल ओनर आहे साहेब, शोरूम मेंटेन्ड, एक रुपयाचं काम नाही, डिझेल टाका आणि पळवा,’ हे एजंटचं वाक्य पुण्यात, नाशकात आणि कोल्हापुरात शब्दही न बदलता ऐकू येतं. इतके डॉक्टर सदानकदा गाड्याच विकत असतील तर पेशंट कोण तपासतं, हे विचारायची सोय नाही.

आईवडील, दोन मुलं, कधीमधी बहिणीचं कुटुंब, असा गोतावळा घेऊन गावी जाणाऱ्या माणसाची शोधाशोध बहुतेक वेळा दोनच नावांवर येऊन थांबते: टोयोटाची इनोव्हा आणि मारुतीची अर्टिगा. दोन्ही सात सीटच्या, दोन्ही डिझेल, दोन्ही आता जुन्या. घोळ असा की ही तुलना कधीच सारख्याला सारखी होत नाही. इनोव्हाचा भाव उतरता उतरत नाही. त्यामुळे जेवढ्या पैशांत २०१५ची, जेमतेम लाखभर किलोमीटर झालेली अर्टिगा मिळते, तेवढ्यात इनोव्हा बघायला गेलात तर २०१२-१३ची, दीड-दोन लाख झालेली पुढ्यात येते. मग चर्चा सुरू होते ती ‘टोयोटाचं इंजिन पाच लाख किलोमीटर जातं हो’ आणि ‘मारुतीचे पार्ट गल्लीत मिळतात’ या दोन वाक्यांची. दोन्ही बऱ्याच अंशी खरी आहेत. पण ती मॉडेलबद्दल आहेत आणि आपण विकत घेणार ती एकच गाडी, तिच्या चेसिस नंबरासकट. ती आजवर कोणी, कुठे आणि कशी चालवली याचा त्या वाक्यांत पत्ता नसतो.

तरी मॉडेलं आधी समजून घेतलेली बरी. इनोव्हा २००५मध्ये क्वालिसच्या जागी आली आणि २०१६मध्ये क्रिस्टा येईपर्यंत तिच्यात २,४९४ सीसीचं तेच डी-फोर-डी इंजिन राहिलं. ताकद १०२ पीएस. खाली ट्रकला असते तशी वेगळी, शिडीच्या आकाराची चेसिस, वर बसवलेली बॉडी, आणि जोर मागच्या चाकांवर. अर्टिगा एप्रिल २०१२ची. तिची बॉडी आणि चेसिस एकसंध, जोर पुढच्या चाकांवर. तिचं १,२४८ सीसीचं इंजिन मुळात फियाटचं मल्टिजेट. स्विफ्ट, डिझायर, टाटाची व्हिस्टा आणि मांझा, फियाटच्या पुंटो आणि लिनिया अशा कितीतरी गाड्यांत ते होतं, म्हणून गाड्यांच्या शौकिनांनी त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ करून टाकलं. फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यातही ते बनत असे. अर्टिगात त्याचं ९० पीएसचं रूप आहे. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ लागू झालं तेव्हा मारुतीने डिझेलच सोडून दिलं, त्यामुळे डिझेल अर्टिगा आता फक्त जुन्या बाजारात.

कागदावर एक गंमत दिसते. दोन्ही गाड्यांचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर, अगदी सारखा. आणि इनोव्हा अर्टिगापेक्षा चारेकशे किलोंनी जड! मग घाटात इनोव्हाच जास्त ओढते, हा अनुभव येतो कुठून? इनोव्हाचं मोठं इंजिन तो टॉर्क १,४०० आरपीएमलाच देऊ लागतं, अर्टिगाचा १,७५०ला येतो. आकड्यांत फरक किरकोळ वाटतो, पण खंबाटकीत सात माणसं आणि सामान घेऊन ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना तो पायाला कळतो. अर्टिगाचा टर्बो जागा होईपर्यंत गिअर खाली टाकावा लागतो. शिवाय गाडी मागून भरली की तिच्या पुढच्या चाकांवरचं वजन हलकं होतं. पावसाळ्यात चढावर थांबून पुन्हा उठवताना पुढची चाकं जागीच फिरतात, ती त्यामुळे. रिकाम्या रस्त्यावर चार माणसांत मात्र अर्टिगाच चपळ वाटेल. मागच्या सीटचंही तसंच. अर्टिगाच्या तिसऱ्या रांगेत मुलं मजेत बसतात, मोठ्या माणसाचे गुडघे तासाभरात तक्रार करतात, आणि ती रांग उघडली की डिकीत १३५ लिटरचीच जागा उरते, म्हणजे दोन-तीन मध्यम बॅगा. सहा मोठी माणसं खरोखर नेहमी प्रवास करणार असतील तर इनोव्हा. वर्षातून दोनदा करणार असतील तर त्या दोन दिवसांसाठी भाड्याची गाडी स्वस्त पडते.

आता मीटर. किलोमीटर मागे फिरवणं हा या बाजारातला जुना धंदा, आणि डिजिटल मीटर आल्यावर तो अवघड झाला असं समजू नका, लॅपटॉप लावून पाच मिनिटांत होतो. माझं मत असं की हा धोका इनोव्हाला जास्त आहे, आणि त्याचं कारण तिची कीर्तीच. चार लाख किलोमीटर झालेलं तिचं इंजिन नीट सांभाळलेलं असेल तर दोन लाख झाल्यासारखंच वाजतं, त्यामुळे आकडा पाडला तरी इंजिन चुगली करत नाही. चुगली करतात त्या बाकीच्या गोष्टी. चालकाच्या सीटचा दाराकडचा काठ दबलेला, क्लच-ब्रेकच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगला तुकतुकी, मधल्या रांगेच्या दाराचं हँडल ढिलं. घरच्या गाडीत मागची दारं एवढी उघडत नाहीत. दिवसाला वीस वेळा प्रवासी चढ-उतार करतात ती गाडी टुरिस्टची.

टुरिस्ट गाडी पुढे प्रायव्हेट पासिंग करून विकणं बेकायदा नाही, लपवणं वाईट. दोन्ही मॉडेलं टॅक्सी म्हणून अमाप चालली आहेत. आरसीच्या जुन्या नोंदींत ‘मोटर कॅब’ असा वर्ग दिसतो का पाहा. चाचणीच्या वेळी मोकळ्या रस्त्यावर गाडी ८०च्या पुढे जायलाच तयार नसेल तर इंजिनला दोष देण्याआधी टॅक्सीला बसवतात तो स्पीड गव्हर्नर अजून आत आहे का ते विचारा. विकणाऱ्याने डॉक्टरची गोष्ट नुकतीच सांगितली असेल तर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

टायरवरही तारीख असते. बाजूच्या भिंतीवर ‘डॉट’ने सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, २३२१ म्हणजे २०२१चा तेविसावा आठवडा. २०१५ची गाडी मीटरवर ४० हजार दाखवत असेल आणि चारही टायर दुसऱ्यांदा बदललेले असतील तर हिशेब जुळत नाही. काचांवर आणि सीटबेल्टच्या पट्टीवरही बनल्याचं साल सापडतं. एकच काच वेगळ्या सालाची निघाली तर ती का बदलली, एवढंच विचारायचं. आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीची जी नोंद असते, ती तारीख आणि किलोमीटरसह मालकाने स्वतः काढून द्यावी असा आग्रह धरायचा. मालक खरा असेल तर त्यात त्याचं नुकसान काहीच नाही.

इंजिन तपासायचं ते थंड असताना. यावर तडजोड नको. सकाळी लवकर जा, आणि पोचल्या पोचल्या पहिलं काम म्हणजे बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर विकणाऱ्याने गाडी आधीच सुरू करून ठेवली होती. ‘गाडी धुवून आणली साहेब’ असं उत्तर येईल. चहा घ्या, दुसऱ्या दिवशी या. थंड डिझेल इंजिन पहिल्या-दुसऱ्या फिरकीत सुरू झालं पाहिजे. सुरू होतानाचा काळा झोत एकदा आला तर हरकत नाही. नंतर गाडी जागेवर चालू असताना सतत पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत राहिला तर इंजेक्टरकडे, आणि गोडसर वासाची पांढरी वाफ असेल तर कूलंटकडे बोट जातं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. अर्टिगाच्या बाबतीत पहिले काही सेकंद कान द्या. तिच्या इंजिनला टायमिंग चेन आहे. चेन आयुष्यभराची म्हणतात, पण ऑइल वेळेवर न बदलणाऱ्याच्या हातात ती ताणली जाते आणि सकाळी सुरू होताना खडखडते. इंजिन तापल्यावर तो आवाज बऱ्याचदा दबतो. गरम करून ठेवलेल्या गाडीचा सगळा फायदा यातच असतो.

मग ऑइलचं झाकण. इंजिन चालू ठेवून मेकॅनिक ते सोडवतो आणि उलटं करून तोंडावर नुसतं ठेवतो. झाकण जागेवर थरथरत राहिलं तर ठीक. उडून बाजूला पडलं आणि खालून धापा टाकल्यासारखा धूर येऊ लागला की मेकॅनिक काही न बोलता हात पुसायला लागतो. याला गॅरेजच्या भाषेत ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, जळलेला वायू खाली ऑइलच्या भांड्यात शिरतो आणि तिथून वर येतो. म्हणजे आज ना उद्या इंजिन खोलायचं. थोडासा वाफारा लाखभर पळालेल्या कोणत्याही डिझेलला येतो, त्यामुळे हा निवाडा रोज इंजिनं पाहणाऱ्या माणसाकडून करून घ्यावा. डिपस्टिकवरचं ऑइल काळं दिसलं म्हणून मात्र दचकू नका. डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. दचकायचं ते दुधाळ ऑइल पाहून, कारण तिथे पाणी मिसळलेलं असतं.

इनोव्हाला चेन नसून टायमिंग बेल्ट आहे. हा रबरी पट्टा ठरलेल्या अंतराला बदलावाच लागतो. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि इंजिनाच्या वरच्या अर्ध्या भागाचं काम निघतं. ‘बदललाय’ या शब्दाला इथे किंमत शून्य. बिल दाखवलं तर बदलला, नाहीतर नाही असं धरून टेन्शनर आणि वॉटर पंपासकट बदलायचा खर्च किमतीत मिळवायचा. इनोव्हाचं दुसरं मोठं खर्चाचं कलम म्हणजे इंजेक्टर. कॉमन रेल पद्धतीत डिझेल प्रचंड दाबाखाली बारीक छिद्रांतून उडवलं जातं, आणि पाणी किंवा कचरा मिसळलेल्या डिझेलने ती छिद्रं बिघडतात. पंप-इंजेक्टरचं काम करणारे ‘रिटर्न टेस्ट’ करून देतात: कोणता इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडतोय ते नळ्यांमध्ये समोर दिसतं. चाचणी स्वस्त, चार नवे इंजेक्टर महाग.

अर्टिगाचं दुखणं वेगळं. तिच्या ९० पीएसच्या इंजिनला व्हेरिएबल जॉमेट्रीचा टर्बो आहे, म्हणजे टर्बोच्या आतली पाती गरजेप्रमाणे कोन बदलतात. गाडी वर्षानुवर्षं घर ते ऑफिस चार किलोमीटरच चालली असेल तर काजळी साचून पाती अडकतात. तिसऱ्या गिअरमध्ये तीसच्या वेगाला ॲक्सिलेटर दाबा. दोन हजारच्या आसपास पाठीला सीट लागल्यासारखा धक्का यायला हवा. गाडी नुसतीच वाजत राहिली तर टर्बोची किंमत विचारून ठेवा. म्हणून ‘फक्त सिटीत चालवली’ ही जाहिरातीतली ओळ डिझेलच्या बाबतीत कौतुकाची नाही. महिन्याला दोन वेळा मुंबई-गोवा करणारी गाडी त्यापेक्षा तब्येतीने चांगली निघू शकते. ऑक्टोबर २०१५ नंतरच्या डिझेल अर्टिगाला ‘एसएचव्हीएस’ हे हायब्रिडसारखं जोडकाम आहे. त्याची बॅटरी साधी नाही, ती बसवून किती वर्षं झाली ते विचारा.

गाडी रॅम्पवर घेतल्याशिवाय व्यवहार करू नये, आणि हे महाराष्ट्रात दोन कारणांनी. पहिलं समुद्र. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आयुष्य काढलेल्या गाडीचं पोट खारी हवा खाते. इनोव्हाच्या चेसिसवर वरवरचा गंज चालतो. स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या टोकाने ठोकल्यावर पत्र्याचे पापुद्रे सुटले तर नको. ताजा काळा रंग मारलेलं पोट पाहिलं तर आणखी सावध. दुसरं कारण पूर. २०१९चा ऑगस्ट सांगली-कोल्हापूरला आणि २०२१चा जुलै चिपळूणला आठवतो, आणि त्या पाण्यात बुडालेल्या सगळ्याच गाड्या भंगारात गेल्या असं मानायला आधार नाही. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघा. गुंडाळलेल्या भागात मातीची रेघ राहते, ती कोणी धूत नाही. पुढच्या सीट सरकतात त्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या सॉकेटवरचं हिरवट-पांढरं, हेही तिथल्या तिथे दिसतं. भरमसाठ सुगंधी स्प्रे मारलेल्या गाडीच्या काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा.

बॉडीबाबत थोडक्यात. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट पाहा. पाना लागला असेल तर त्यांच्या कोपऱ्यांचा रंग उडालेला असतो. किरकोळ डेंटिंग-पेंटिंगचं एवढं मनावर घेऊ नये. चेसिस वाकून सरळ केलेली असेल तर मात्र गाडी फुकटही घेऊ नये. एअरबॅगची चौकशी वेगळी करा: चालकाची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९पासून. त्याआधीच्या कमी किमतीच्या व्हर्जनमध्ये ती नसू शकते, आणि ‘टॉप मॉडेल आहे’ असं सांगणाऱ्याच्या आरसीवर कधीकधी दुसऱ्याच व्हर्जनचं नाव असतं.

आता पैसे. डिझेल लिटरला ९० रुपये आणि वर्षाचं रनिंग १२ हजार किलोमीटर धरू. इनोव्हाने १२चं ॲव्हरेज दिलं तर हजार लिटर, म्हणजे ९० हजार रुपये. अर्टिगाने १७चं दिलं (कंपनीचा दावा २०.७७चा होता, तो प्रयोगशाळेतला) तर साधारण ७०६ लिटर, म्हणजे साडेत्रेसष्ट हजार. वर्षाला सव्वीस-सत्तावीस हजारांचा फरक, पाच वर्षांत सव्वा लाखाच्या वर. इनोव्हा विकताना यातला मोठा हिस्सा परत मिळतो, हेही खरं, पण तोवर तिला टिकवायला लागणारे टायर, क्लच, सस्पेन्शनचे पार्ट सगळेच एक नंबर मोठे आणि त्या मापाने महाग. माझी पद्धत साधी आहे. दोन्ही गाड्या एकाच मेकॅनिकला दाखवायच्या आणि ‘ही माझी असती तर पहिल्या वर्षात तू काय काय बदललं असतंस’ ते कागदावर लिहून घ्यायचं. मागितलेल्या किमतीत ती बेरीज मिळवली की दोन गाड्यांची खरी किंमत समोर येते, आणि बऱ्याचदा स्वस्त वाटलेली गाडी त्या कागदावर महाग ठरते. वर्षाला सहा-सात हजार किलोमीटरच होणार असतील तर दोन्ही नकोत. पेट्रोल नाहीतर सीएनजी अर्टिगा बघावी. एवढ्याशा चालण्यात डिझेलची बचत एका इंजेक्टरच्या खर्चात जाते.

वयाचा हिशेबही पैशांचाच आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. २०१३च्या इनोव्हाची मुदत २०२८ला संपते, २०१५च्या अर्टिगाची २०३०ला. त्यानंतर आरटीओत तपासणी, पाच वर्षांचं नूतनीकरण, आणि वर पर्यावरण कर. मुंबईकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पेट्रोल-डिझेलच्या गाड्या मुंबई परिसरातून टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का, हे तपासायला राज्य सरकारने जानेवारी २०२५मध्ये समिती नेमली. त्यातून काय निघायचं ते निघो, पण जुन्या डिझेलमध्ये आठ-दहा वर्षांचा विचार करून पैसे घालणं मुंबईत तरी शहाणपणाचं दिसत नाही. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांविरुद्ध हरित लवादाचा आणि मग २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. ती ‘डीएल’ पासिंगची इनोव्हा लाखाने स्वस्त दिसते खरी, पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा एमएच नंबर आणि त्यासाठीचे हेलपाटे यांत तो लाख कुठे जातो ते कळत नाही.

कागद बघताना विम्याची पॉलिसी नीट वाचा. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही. पण दहा वर्षं ‘एक ओरखडा नाही’ असलेल्या गाडीच्या ताज्या पॉलिसीत बोनस शून्य टक्के असेल तर नुकताच क्लेम कशाचा घेतला, हे विचारायला हरकत नाही. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. थकलेली ई-चलनं गाडीच्या नंबरावर ऑनलाइन दिसतात, ती विकणाऱ्याने भरायची.

व्यवहार ठरला की फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या होतात, पण गाडी आपल्या नावावर व्हायला वेळ लागतो. तेवढ्या दिवसांसाठी एक साधा डिलिव्हरीचा कागद करावा: गाडीचा नंबर, मीटरचा आकडा, तारीख आणि वेळ मिनिटासकट, दोघांच्या सह्या. त्या संध्याकाळी पाचला सिग्नल तोडला तो कोणी, याचं उत्तर त्या कागदावर मिळतं. विमा १४ दिवसांत आपल्या नावे करून घ्यायचा. जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग तिथेच, आपल्यासमोर बंद करायला सांगायचं, आणि दुसरी किल्ली मागायची. दुसरी किल्ली ‘घरी राहिली’ असेल तर ती येईपर्यंत दोन-चार हजार हातचे राखून ठेवावेत.